माशांच्या प्रतिकारशक्तीची जनुकीय कुळकथा

धामणगाव रेल्वे स्थानक सोडून नागपूरच्या दिशेने निघालेली गाडी पुलगाव येण्यापूर्वी वर्धा नदीचे पात्र ओलांडते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या या पट्ट्यात मासा हा सहसा चर्चेचा विषय नसतो. तरीही नदीकाठची भोई कुटुंबे, तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था आणि अलीकडच्या काळात शेततळ्यात मत्स्यबीज सोडू लागलेले शेतकरी यांचे वर्षाचे गणित एकाच प्रश्नाभोवती फिरते. पावसाळ्यात सोडलेल्या रोहू, कटला, मृगळाच्या बीजापैकी पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात किती येणार? पाण्याची खोली, खाद्य, बगळे आणि मरळ यांसारखे शिकारी मासे ही उत्तराची दृश्य अंगे होत. अदृश्य अंग माशाच्या रक्तात असते. अंगावर लाल चट्टे पडलेला मासा वाचणार की पाठीवर उलटून तरंगणार, हे ठरविण्यात त्याच्या प्रतिपिंडांचा मोठा वाटा असतो; आणि ती प्रतिपिंडे घडविणाऱ्या जनुकांची मांडणी माणसाच्या जनुकांशी जितकी मिळतीजुळती, तितकीच वेगळीही आहे.

प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूला नेमके ओळखून चिकटणारे प्रथिन. दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्यांपासून त्याचे मूळ एकक बनते. साखळ्यांच्या टोकाकडील भाग बदलता असतो व तोच जंतूवरील खूण पकडतो. बुडाकडील भाग स्थिर असतो व पकडलेल्या जंतूचे पुढे काय करायचे ते ठरवितो. जगात जंतू असंख्य, तर कोणत्याही प्राण्याची जनुके मोजकीच. मग प्रत्येक जंतूसाठी निराळे प्रतिपिंड येते कोठून, या कोड्याने शास्त्रज्ञांना अनेक दशके सतावले होते. जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे काम करताना १९७६ मध्ये दाखवून दिले, की गर्भपेशीत एकमेकांपासून दूर असलेले जनुकखंड प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशीत जवळ येऊन जोडले जातात. पेशी स्वतःचा डीएनए कापते आणि नव्याने सांधते. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच शोधासाठी मिळाले.

या खंडांना व्ही, डी आणि जे अशी नावे आहेत. जड साखळीसाठी तिन्ही गटांतून एकेक खंड निवडला जातो. हलक्या साखळीत डी नसतो. माणसाच्या चौदाव्या गुणसूत्रावर जड साखळीचे सुमारे चाळीस कार्यक्षम व्ही, तेवीस डी आणि सहा जे खंड ओळीने मांडलेले आहेत. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही दोन विकरे कापणीचे काम करतात. प्रत्येक खंडाच्या कडेला सात अक्षरांची एक आणि नऊ अक्षरांची एक अशा दोन खुणा असतात व त्यांच्यात बारा किंवा तेवीस अक्षरांचे अंतर असते. बारावाली खूण केवळ तेवीसवालीशीच जुळते. सांध्याच्या जागी काही अक्षरे गळतात, काही नव्याने भरली जातात. ही वरवर पाहता निष्काळजी वाटणारी जोडणीच वैविध्याचा सर्वांत मोठा स्रोत आहे. सात आणि नऊ अक्षरांच्या या खुणा मुशीपासून माणसापर्यंत जवळजवळ त्याच राहिल्या आहेत. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज वेगळे झाले, त्या दोन प्राण्यांत एवढे साम्य टिकणे ही साधी गोष्ट नव्हे.

मुशीची पुनरुक्ती

मुंबईच्या ससून डॉकवर रोज उतरणारी मुशी आणि पाकट हे कूर्चेचा सांगाडा असलेले मासे. प्रतिपिंडांची जनुके असलेल्या आजच्या प्राण्यांत हा गट सर्वांत जुन्या शाखेवर बसतो. १९८६ मध्ये केली हाइंड्स आणि गॅरी लिटमन यांनी शिंग असलेल्या मुशीच्या एका जातीतील जड साखळीच्या जनुकांची मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा ती पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. माणसात सर्व व्ही एका बाजूला, मग सर्व डी, मग सर्व जे आणि शेवटी स्थिर भाग अशी एकच लांब ओळ असते. मुशीत मात्र एक व्ही, दोन डी, एक जे आणि त्यांचा स्वतःचा स्थिर भाग असा छोटा संच असतो आणि तो संचच पुन्हा पुन्हा येतो. काही जातींत असे संच शंभराहून अधिक आहेत. नर्स शार्क या जातीत आयजीएम प्रकारचे सुमारे पंधराच आढळले. वस्तूंच्या भाषेत सांगायचे तर माणसाकडे एक मोठे कोठार आहे, मुशीकडे पुष्कळ स्वयंपूर्ण पेट्या आहेत.

या मांडणीचे परिणाम दूरगामी आहेत. पेटीतील व्ही शेजारच्या पेटीतील डीशी सहसा जुळत नाही, म्हणून अदलाबदलीतून मिळणारे वैविध्य मर्यादित राहते. ही उणीव मुशी सांध्यातील फेरफारांनी भरून काढते. दोन डी खंड असल्यामुळे एका साखळीत तीन सांधे पडतात, आणि प्रत्येक सांधा नव्या फरकाची जागा ठरतो. त्याहून विलक्षण बाब म्हणजे मुशीच्या काही पेट्यांतील खंड पिढीजातच जोडलेले असतात. कापण्या-सांधण्याची गरज नसलेली, तयार स्थितीत वारशाने मिळणारी ही प्रतिपिंडे. पुनर्संयोजनाचे यंत्र पूर्वी कधीतरी बीजपेशीत चालून गेल्याची ही खूण आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नर्स शार्कच्या रक्तात १९९५ मध्ये हलकी साखळीच नसलेले एक प्रतिपिंड सापडले. त्याला आयजी-एनएआर म्हणतात. आकाराने लहान, उष्णतेला टिकाऊ, इतर प्रतिपिंडांना न पोहोचणाऱ्या खाचांत शिरू शकणारे असे हे प्रथिन असल्याने औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्याच्याविषयी बरेच कुतूहल आहे. उंटातही हलकी साखळी नसलेली प्रतिपिंडे असतात. परंतु उंट आणि मुशी यांनी ही युक्ती स्वतंत्रपणे साधली.

रोहूच्या कुळाची मांडणी

गोड्या पाण्यातील रोहू, कटला, मृगळ हे अस्थिमत्स्य. त्यांच्याच कुळगटातील झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांच्या ग्रंथात त्याचे पहिले वर्णन केले. रोहूचेही वर्णन त्याच ग्रंथातले. अस्थिमत्स्यांच्या प्रतिपिंड-जनुकांविषयी जे नेमके ज्ञान आहे, त्यातील बराच भाग या लहानग्या नातेवाइकाकडून मिळालेला आहे.

अस्थिमत्स्यांची जड साखळी माणसासारखी एका ओळीत असते. हलक्या साखळीची जनुके मात्र मुशीसारखी लहान संचांत व अनेक गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. म्हणजे एकाच माशाच्या पेशीत नवी आणि जुनी अशा दोन्ही पद्धती नांदतात. उत्क्रांती सरळ रेषेत जिना चढत जाते, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी या मांडणीकडे अवश्य पाहावे.

झेब्राफिशमधील वैविध्य प्रत्यक्ष मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन क्वेक यांच्या गटाने केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा माशांतील प्रतिपिंडांच्या संदेशांचे वाचन त्यांनी केले. आयजीएमसाठी झेब्राफिशकडे एकोणचाळीस व्ही, पाच डी आणि पाच जे खंड आहेत. त्यांच्या जुळणीतून ९७५ प्रकार संभवतात. प्रत्येक माशात त्यांतील निम्म्याहून अधिक जुळण्या वापरात असल्याचे दिसले, आणि सांध्यातील फरक जमेस धरता एकेका माशातील वेगवेगळ्या जड साखळ्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. एवढ्याशा प्राण्यात बी-पेशीच सुमारे तीन लाख. माणसाशी तुलना केली तर ही फौज नगण्य आहे. पण काही इंच पाण्यात, जंतूंच्या थेट संपर्कात, त्वचेवर केवळ बुळबुळीत थराचे आवरण घेऊन हा मासा जगतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

माशांकडे प्रतिपिंडांचे वर्गही कमी आहेत. माणसात पाच मुख्य वर्ग; त्यांपैकी आयजीजी, आयजीए आणि आयजीई माशांत नाहीत. रक्तातील मुख्य प्रतिपिंड आयजीएम हे असून अस्थिमत्स्यांत त्याची चार एककांची जुडी असते. माणसात व मुशीत ती पाचांची. १९९७ मध्ये अमेरिकेतील कॅटफिशमध्ये आयजीडी सापडले. तोवर आयजीडी ही सस्तन प्राण्यांतील उशिराची भर समजली जात होती. ती समजूत या एका शोधाने ढासळली. २००५ हे वर्ष तर विशेष ठरले. त्या वर्षी ट्राउट माशात आयजीटी आणि झेब्राफिशमध्ये आयजीझेड अशा नावांनी एक नवा वर्ग दोन स्वतंत्र गटांनी जाहीर केला. दोन्ही नावे एकाच गोष्टीची. नामकरणाचा हा घोळ अद्याप मिटलेला नाही, आणि कार्प कुळातील संशोधक आयजीझेड म्हणतात तेव्हा इतर आयजीटी म्हणत असतात, एवढे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

या नव्या वर्गाची जनुकीय जागा फार बोलकी आहे. प्रथम व्ही खंडांची रांग, तिच्यापुढे आयजीझेडचे स्वतःचे डी, जे आणि स्थिर भाग, आणि त्यानंतर आयजीएमचे डी, जे व स्थिर भाग, अखेरीस आयजीडी. एखाद्या पेशीने व्ही खंड पहिल्या डीशी जोडला, तर ती आयजीझेड तयार करणार. दूरच्या डीशी जोडला, तर मधला आयजीझेडचा सगळा तुकडा कापला जाऊन कायमचा नाहीसा होतो आणि पेशी आयजीएमची होते. माणसातील पेशी आधी आयजीएम बनविते व गरजेनुसार नंतर आयजीजी किंवा आयजीएकडे वळते. माशात हे वळण नाही. तेथे पेशीचा व्यवसाय जन्माच्या वेळीच ठरतो. वर्गबदल घडविणारे एआयडी नावाचे विकर मात्र माशांकडे आहे. कॅटफिशचे एआयडी उंदराच्या पेशीत घातले असता तेथे वर्गबदल घडून आला. हत्यार तयार आहे. ज्या जागी ते चालवायचे, त्या जागाच माशाच्या डीएनएत नाहीत. त्याच विकराच्या साह्याने मासे प्रतिपिंडांच्या जनुकांत बारीक उत्परिवर्तने तेवढी घडवितात.

आयजीटीचे काम काय, याचा उलगडा २०१० मध्ये झाला. ओरिओल सुन्येर यांच्या गटाने ट्राउटच्या आतड्यातील परजीवींविरुद्ध प्रामुख्याने हेच प्रतिपिंड उभे राहत असल्याचे दाखविले. पुढील काही वर्षांत त्वचा आणि कल्ले यांबाबतही तेच आढळले. माणसाच्या लाळेत व आतड्यात जे काम आयजीए करते, ते माशाच्या बुळबुळीत थरात आयजीटी करते. दोघांची जनुके मात्र एकमेकांपासून निघालेली नाहीत. अमेरिकी कॅटफिश आणि जपानी मेडाका यांच्यात तर आयजीटी नाहीच, आणि तरीही त्यांचे बरे चालले आहे.

मूळ कोठे, लोप कोठे

कापण्या-सांधण्याचे यंत्र आले कोठून, याचे उत्तर चमत्कारिक आहे. १९९८ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवून दिले, की आरएजी विकरे परीक्षानळीत डीएनएचा तुकडा एका जागेवरून उचलून दुसरीकडे घुसवू शकतात. ही खोड 'उड्या मारणाऱ्या' जनुकांची. २०१६ मध्ये अँफिऑक्सस या समुद्रतळाच्या वाळूत राहणाऱ्या, कणा नसलेल्या प्राण्यात आरएजीसारखे दोन्ही घटक व कडेच्या खुणा असलेले असे उड्या मारणारे जनुक सापडले. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी जबड्याच्या माशांच्या पूर्वजांत असे एखादे घुसखोर जनुक दुसऱ्या उपयुक्त जनुकाच्या मध्यात शिरले, त्याचे दोन तुकडे केले, आणि ते तुकडे पुन्हा जोडण्याच्या धडपडीतून प्रतिपिंडांचे वैविध्य जन्मास आले, असे आज मानले जाते.

जबडा नसलेल्या लॅम्प्रे आणि हॅगफिश यांच्याकडे हे यंत्र नाही. त्यांना प्रतिकारशक्तीची स्मृतीच नसावी असे वाटणे स्वाभाविक होते. पण २००४ मध्ये मॅक्स कूपर यांच्या प्रयोगशाळेतून झीव पान्सर व सहकाऱ्यांनी लॅम्प्रेत अगदी निराळ्या प्रथिनांपासून घडलेले, तितकेच बदलते ग्राहक शोधून काढले. तेथे खंड कापून जोडले जात नाहीत; शेजारच्या साठ्यातून नक्कल करून भरले जातात. एकाच अडचणीवर निसर्गाने दोन वेळा, दोन वेगळ्या मार्गांनी तोडगा काढला.

दुसऱ्या टोकाला लोपाची उदाहरणे आहेत. सीलाकँथ या 'जिवंत जीवाश्म' म्हणविल्या जाणाऱ्या माशाचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात आयजीएमचे जनुक सापडलेच नाही. त्याऐवजी मुशीत आढळणारे आयजी-डब्ल्यू होते. खोल समुद्रातील काही अँगलर माशांत नर मादीच्या शरीराला कायमचा चिकटतो व दोघांचे रक्ताभिसरण एक होते. परके ऊतक नाकारणारी प्रतिकारशक्ती शाबूत असती तर असे मीलन अशक्य होते. या जातींनी प्रतिपिंडे सुधारणारी आणि काहींनी तर आरएजीची जनुकेही गमावली असल्याचे २०२० मध्ये उघड झाले.

गमावण्याच्या उलट गुणाकारही होतो. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. सामन कुळात तो नंतर पुन्हा दुप्पट झाला. म्हणून अटलांटिक सामनमध्ये जड साखळीच्या दोन रांगा आहेत. आपल्या तलावांत रोहूबरोबर सोडला जाणारा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हाही असाच. रोहूची गुणसूत्रे पन्नास, सायप्रिनसची शंभर. सायप्रिनसमध्ये आयजीएम आणि आयजीझेड यांचे तुकडे जुळून बनलेले एक संकरित प्रतिपिंडही आढळते.

बोटुकलीचे दिवस

या सर्व माहितीचा तलावाशी संबंध वेळेच्या मुद्द्यावर येतो. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूषग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडविले, तेव्हापासून नदीतील बीजावर विसंबण्याची गरज उरली नाही. आज उबवणी केंद्रात अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, तीन दिवसांत पिल्लांच्या पोटातील बलक संपतो आणि मत्स्यजिरे विक्रीस निघतात. पंधरा-वीस दिवसांत ते मत्स्यबीज म्हणवतात, दोन-तीन महिन्यांत बोटुकली. झेब्राफिशमध्ये स्वतःची प्रतिपिंड-यंत्रणा कार्यक्षम व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. सायप्रिनसमध्येही प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशी साधारण महिन्याच्या सुमारास दिसू लागतात. माशाला अस्थिमज्जा नसते. या पेशी डोक्यालगतच्या मूत्रपिंडाच्या अग्रभागात तयार होतात, आणि तो अवयव पक्व व्हायला वेळ लागतो. म्हणजे मत्स्यजिरे पिशवीत भरून रेल्वेने किंवा जीपने प्रवास करतात, त्या वेळी त्यांच्या शरीरात खंड जोडण्याचे काम जेमतेम सुरू व्हायचे असते. गर्दी, गढूळ पाणी व एरोमोनाससारखे जिवाणू यांना ते जवळजवळ निःशस्त्र सामोरे जातात. बीज मोजून घेऊनही महिन्याभरात तलाव ओस पडल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना दोष नेहमी विक्रेत्याचाच वाटतो. तो प्रत्येक वेळी तसा नसतो.

पूर्णपणे निःशस्त्र मात्र नव्हे. मादी आपले आयजीएम बलकातून अंड्यांना देते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतील, म्हणजे 'सीफा'मधील, संशोधकांनी रोहूमध्ये आईकडून पिल्लांना मिळणाऱ्या या संरक्षणाचा अभ्यास केला. पुढे त्याच संस्थेने प्रजननक्षम माशांना टोचण्याची 'सीफा-ब्रूड-व्हॅक' ही लस विकसित केली. पिल्लाला लस देता येत नाही, कारण तिला प्रतिसाद देणारी पेशीच अजून नाही. म्हणून आईला द्यायची. गर्भवतीला धनुर्वाताची लस देण्यामागे जे तर्कशास्त्र आहे, तेच येथे आहे.

मोठ्या माशांचे प्रश्न निराळे. माशाचे शरीर पाण्याएवढेच उबदार. पाणी थंड झाले की प्रतिपिंडे तयार होण्याचा वेगही मंदावतो. माशांच्या अंगावर व्रण पाडणारा, भारतात १९८८ पासून ज्ञात असलेला ईयूएस हा बुरशीजन्य रोग पावसाळा सरल्यानंतरच्या थंड महिन्यांत बळावतो, यामागचे हे एक कारण होय. शिवाय माणसात लसीच्या दुसऱ्या मात्रेनंतर प्रतिपिंडांची पकड कितीतरी पटींनी घट्ट होते, तशी ती माशांत होत नाही. सुधारणा होते, पण बेताची. उत्तम पेशी निवडणारी जननकेंद्रे माशांत नाहीत हे त्याचे कारण दीर्घकाळ सांगितले जाई. २०२३ मध्ये ट्राउटच्या प्लीहेत तशा प्रकारची निवड करणारे पेशीसमूह आढळल्याने हा मुद्दा पुन्हा विचारार्थ आला आहे.

भारतीय माशांवरील जनुकीय काम उशिरा सुरू झाले, तरी ते आता वेग घेत आहे. रोहूतील आयजीडीचे वर्णन 'सीफा'च्या गटाने २०१६ मध्ये केले. विषाणू, जिवाणू आणि परजीवी यांच्या संसर्गात त्याचे प्रमाण निरनिराळ्या रीतीने बदलते, असे त्यांना दिसले. रोहूच्या जनुकसंचाचा मसुदा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत वर्सोवा येथे १९६१ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील माशांच्या दोन जिवाणूजन्य रोगांवरील लशींसाठी २०२२ मध्ये 'इंडियन इम्युनॉलॉजिकल्स' या कंपनीशी करार केला.

लस कोणती आणि ती कशी द्यायची, हा प्रश्न मात्र शेवटी जनुकांच्या मांडणीकडेच परत येतो. टोचलेली लस रक्तात आयजीएम वाढविते. पण एरोमोनास किंवा अर्ग्युलस हा परजीवी प्रथम त्वचेवर आणि कल्ल्यांवर येतो, जेथे पहारा आयजीझेडचा. दोन्ही प्रतिपिंडांच्या पेशी वेगळ्या असल्याने एकीला जागे करून दुसरी आपोआप जागी होत नाही. म्हणूनच लस मिसळलेल्या पाण्यात बोटुकली काही काळ ठेवणे किंवा खाद्यातून लस देणे या पद्धतींवर संशोधकांचा भर आहे. हजारो बोटुकलींना एकेक सुई टोचणे नॉर्वेच्या सामन-पैदाशीत यंत्रांनी साधते. धामणगाव तालुक्यातल्या शेततळ्यावर ते शक्य नाही. तेथे आजही चुना, मीठ आणि पोटॅशियम परमँगनेट हेच उपाय हाताशी आहेत, आणि ते न साधल्यास खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याचा मोह होतो. त्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू पुढे तळ्याच्या गाळात टिकून राहतात, आणि पुढच्या पावसाळ्यात येणारी मत्स्यजिरे त्याच पाण्यात सोडली जातात.